आपत्ती, बचावपथके आणि तंत्रज्ञान कंपन्या : ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी महापे येथील एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी ठाणे व नवी मुंबईतील सोसायट्यांमध्ये आपत्तीपूर्व तयारीची सत्रे घेतो. त्यामुळे रहिवाशांचे प्रश्नही कानावर येतात आणि कंपन्यांचेही. त्यांपैकी पुन्हापुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत.

तंत्रज्ञान कंपन्या आपत्तीत मदत करतात म्हणजे नेमके काय करतात?

बातम्यांत दिसणारी मदत बहुधा देणगीची असते : धनादेश, दान केलेली रुग्णवाहिका, वाटलेले टॅबलेट. तिला कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र अग्निशमन दलाचा जवान किंवा रुग्णवाहिकेतील डॉक्टर घटनास्थळाकडे निघतो तेव्हा त्याच्यासमोर तीन प्रश्न असतात. माणूस नक्की कुठे आहे, तिथे पोहोचल्यावर आपला बाहेरच्यांशी संपर्क राहील का, आणि पुढे काय वाढून ठेवले आहे? मोबाइल सेवा देणाऱ्या, फोन बनवणाऱ्या, नकाशे तयार करणाऱ्या, ड्रोन उडवणाऱ्या आणि नियंत्रण कक्षाचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कंपन्यांचे काम या तीन प्रश्नांची उत्तरे लवकर मिळवून देण्याचे आहे. अशी उत्तरे ऐनवेळी तयार होत नाहीत. त्यासाठी लागणारे करार, यंत्रणांची जोडणी आणि सराव कित्येक महिने आधी झालेले असावे लागतात, आणि बहुतेक वेळा घोडे नेमके तिथेच पेंड खाते.

११२ ला फोन केल्यावर काय घडते?

पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका यांच्यासाठी देशभर एकच क्रमांक असावा म्हणून ११२ ची यंत्रणा उभी राहिली. २८ नोव्हेंबर २०१८ रोजी ती सर्वप्रथम हिमाचल प्रदेशात सुरू झाली. तिचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर सी-डॅक या सरकारी संस्थेच्या तिरुवनंतपुरम केंद्राने तयार केले. महाराष्ट्राचे मुख्य कॉल केंद्र नवी मुंबईत आहे आणि दुसरे नागपुरात. एका केंद्रावर आघात झाला तर दुसऱ्याने भार उचलावा, असा यामागचा विचार आहे. आपला कॉल घेणारी व्यक्ती घटनेची नोंद करते, ती नोंद संबंधित जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे जाते आणि तेथून जवळच्या पोलीस गाडीतील पडद्यावर पोहोचते.

१०८ ची रुग्णवाहिका सेवा राज्यात जानेवारी २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली आणि राज्यभरातील कॉल घेण्यासाठी पुण्यात एकच केंद्र उभारण्यात आले. याचा व्यावहारिक अर्थ लक्षात घ्यावा. आपला फोन उचलणारी व्यक्ती आपल्या गावची असेलच असे नाही. "तीन हात नाक्याच्या पुढे, पेट्रोल पंपासमोर" हे आपल्याला पुरेसे वाटते, पण कोल्हापूर आणि गडचिरोलीचे कॉल एकाच जागी बसून घेणाऱ्या माणसाला आधी शहराचे नाव हवे असते. म्हणून शहर, मग विभाग, मग रस्ता आणि शेवटी इमारत, या क्रमाने पत्ता सांगावा.

पण फोनमध्ये जीपीएस असताना पत्ता सांगावाच का लागावा?

हा प्रश्न प्रत्येक सत्रात येतो आणि तो अगदी रास्त आहे. आपल्या फोनला आपले ठिकाण ठाऊक असते. ते नियंत्रण कक्षापर्यंत आपोआप जाते असे मात्र समजू नये. पूर्वापार पद्धतीत मोबाइल सेवा कंपनी आपण कोणत्या टॉवरच्या कक्षेत आहोत एवढेच सांगू शकते, आणि दाट वस्तीतही त्या अंदाजात काहीशे मीटरचा फरक पडू शकतो. काहीशे मीटरमध्ये नौपाड्यात किती इमारती बसतात, याचा विचार करावा.

यावरचा चांगला उपाय ब्रिटनमध्ये निघाला. २०१४ मध्ये बीटी, ईई आणि एचटीसी या कंपन्यांनी अशी व्यवस्था केली की आपत्कालीन क्रमांक लावताच फोनने स्वतःचे जीपीएस आणि वायफाय चालू करावे आणि मिळालेले ठिकाण एका छुप्या एसएमएसने पाठवून द्यावे. पुढे गूगलने २०१६ मध्ये अँड्रॉइड फोनमध्ये आणि नंतर अ‍ॅपलने आयफोनमध्ये ही पद्धत आणली. वापरणाऱ्याला कोणतेही अ‍ॅप घ्यावे लागत नाही. तंत्रज्ञान कंपनीने बचावपथकांसाठी केलेल्या कामाचा याहून नेमका नमुना माझ्या माहितीत नाही. तरीही फोनने पाठवलेले ठिकाण स्वीकारण्याची सोय त्या त्या ठिकाणच्या आपत्कालीन यंत्रणेत असावी लागते, नाहीतर फोनने केलेले सगळे काम वाया जाते.

नवी मुंबईची अडचण तर आणखी वेगळी आहे. येथे प्रत्येक उपनगराचे सेक्टर स्वतंत्रपणे एकपासून सुरू होतात. सेक्टर ९ वाशीत आहे, ऐरोलीत आहे आणि कोपरखैरणेतही आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या इमारतीतील एक काका रात्री छातीत दुखू लागल्याने कोसळले. त्यांच्या मुलाने घाबरून फक्त सेक्टर आणि इमारतीचे नाव सांगितले. उपनगराचे नाव त्याच्याकडून राहून गेले आणि समोरच्याने ते विचारले नाही. रुग्णवाहिका शेजारच्या उपनगरातील त्याच क्रमांकाच्या सेक्टरमध्ये गेली. तो मुलगा मोबाइलचा टॉर्च लावून रस्त्याच्या मधोमध उभा होता आणि लांबून सायरन ऐकू येत असूनही गाडी काही केल्या दिसत नव्हती. काका वाचले, पण ती अकरा मिनिटे आमच्यापैकी कोणीही विसरलेले नाही. त्या रात्रीनंतर मी ही सत्रे घेऊ लागलो.

डिजिपिनने हा घोळ मिटेल का?

बराचसा मिटू शकतो. टपाल खात्याने आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या साहाय्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणला. देशाची सगळी भूमी साधारण चार मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनांत वाटून प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांची सांकेतिक खूण दिलेली आहे. सेक्टरच्या गोंधळावर हा चांगला तोडगा आहे. परंतु त्यात उंचीचा समावेश नाही. घोडबंदर रोडवरील तीस मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचे आणि अठ्ठाविसाव्या मजल्यावरचे घर एकाच खुणेत येते. त्यामुळे विंग आणि मजला तोंडी सांगणे चुकत नाही.

मोबाइलवर अचानक मोठ्या आवाजात येणारा इशारा खरा असतो का?

होय. दूरसंचार विभागाची सी-डॉट ही संस्था आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण यांनी उभारलेल्या सेल ब्रॉडकास्ट यंत्रणेतून तो येतो. २०२३ मध्ये देशभरात तिच्या चाचण्या झाल्या, तेव्हा अनेकांनी फोन बिघडला असे समजून बंद केल्याचे मी पाहिले आहे. एसएमएस एकेका क्रमांकाला पाठवावा लागतो, त्यामुळे लाखो लोकांना कळवायचे झाल्यास रांग लागते. सेल ब्रॉडकास्टमध्ये टॉवर एकदाच संदेश सोडतो आणि त्याच्या कक्षेतील प्रत्येक फोन तो उचलतो, मग तो फोन बिहारमधून काल आलेल्या कामगाराचा असो की येथील रहिवाशाचा. जाळ्यावर ताण असतानाही तो पोहोचतो आणि त्यासाठी आपला क्रमांक कोणाकडे असण्याची गरज नसते. फोनच्या सेटिंगमध्ये हे इशारे बंद केले असतील तर कृपया आजच चालू करावेत.

पुराची पूर्वसूचना गूगल देते म्हणतात, त्यावर विसंबावे का?

गूगलने २०१८ मध्ये पाटण्यापासून केंद्रीय जल आयोगाच्या साहाय्याने पूर अंदाजाचे काम सुरू केले आणि पुढे ते अनेक देशांत नेले. नदीचे पात्र, तिच्या खोऱ्यातील पाऊस आणि जमिनीचा उतार यांवरून पाणी कुठवर येईल याचा अंदाज ते देते. उल्हास नदीकाठच्या वस्त्यांना अशा अंदाजाचा उपयोग आहे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले, तो प्रसंग या भागात सर्वांना आठवतो. मात्र भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आल्याने नाला तुंबून तळमजल्यात पाणी शिरणे ही वेगळी घटना आहे. तिच्यासाठी हवामान खात्याचा त्या दिवशीचा इशारा, भरतीचे वेळापत्रक आणि महापालिकेच्या आपत्ती कक्षाची सूचना यांवरच लक्ष ठेवावे.

टॉवर बंद पडले तर?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबई-ठाण्यातील लाखो माणसे घरी फोन न लागल्याने रात्रभर हवालदिल झाली होती. टॉवर बंद पडण्यामागचे कारण बहुधा अगदी साधे असते. वीज जाते, बॅटरी काही तास तग धरते, मग डिझेलचा जनरेटर चालतो, आणि रस्ता पाण्याखाली असल्याने डिझेल पोहोचत नाही. म्हणून सेवा कंपन्यांची खरी तयारी पावसाळ्यापूर्वी डिझेलचा साठा करण्यात आणि जनरेटर पुराच्या पातळीच्या वर बसवण्यात दिसते. याची बातमी कधी होत नाही, पण मला तीच सर्वांत महत्त्वाची मदत वाटते.

टॉवर पडलाच तर दोन उपाय असतात. पहिला, चाकांवरचा टॉवर. ट्रकवर बसवलेली ही यंत्रणा घटनास्थळी नेऊन उभी करतात. दुसरा उपाय दूरसंचार विभाग चक्रीवादळांच्या वेळी वापरत आला आहे. बाधित भागात सर्व कंपन्यांना आपापसांत रोमिंग खुले करण्याचे आदेश दिले जातात, म्हणजे आपल्या कंपनीचा टॉवर बंद असला तरी फोन दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून चालतो. एरवी एकमेकींचे ग्राहक पळवणाऱ्या कंपन्या त्या दिवसांत एकमेकींचे ग्राहक सांभाळतात.

कधीकधी जुनीच साधने उपयोगी पडतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडातील सिल्क्यारा बोगद्यात ४१ कामगार १७ दिवस अडकले होते, तेव्हा त्यांना घरच्यांशी बोलता यावे म्हणून बीएसएनएलने लँडलाइनची सोय केली. पोलीस आणि अग्निशमन दल आजही बिनतारी संच वापरतात, कारण ते मोबाइल टॉवरवर अवलंबून नसतात. उपग्रह फोनही उपयुक्त आहेत, पण भारतात ते परवानगीशिवाय वापरता येत नाहीत. हौसेने परदेशातून आणू नयेत.

मदतपथकांना मोबाइलच्या जाळ्यावर वेगळे प्राधान्य मिळते का?

अमेरिकेत मिळते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात पोलीस आणि अग्निशमन दलाचे बिनतारी संच एकमेकांशी बोलू शकले नव्हते. त्या अनुभवातून २०१२ मध्ये फर्स्टनेट नावाच्या स्वतंत्र जाळ्याचा कायदा झाला आणि २०१७ मध्ये एटी अँड टी या कंपनीला २५ वर्षांचे काम मिळाले. गर्दी झाल्यावर सामान्य ग्राहक मागे ठेवून पथकांचे संभाषण पुढे काढले जाते. भारतात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१८ मध्ये अशा जाळ्याची शिफारस केली होती.

प्राधान्य कराराने बांधलेले नसेल तर काय होते, याचे उदाहरणही त्याच वर्षीचे आहे. कॅलिफोर्नियात मेंडोसिनो येथे प्रचंड वणवा पेटला असताना सांता क्लारा काउंटीच्या अग्निशमन दलाच्या नियंत्रण वाहनाचा इंटरनेट वेग व्हेरायझन कंपनीने अत्यंत कमी केला, कारण त्या महिन्याची डेटा मर्यादा संपली होती. जवानांनी विनंती केल्यावर त्यांना महागडी योजना घेण्यास सांगण्यात आले. ही ग्राहकसेवेतील चूक होती असे कंपनीने नंतर मान्य केले. नियम बनवणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, पण अग्निशमन दलाचे सिमकार्ड आणि सिनेमे पाहणाऱ्याचे सिमकार्ड यांत फरक करण्याची तजवीज कोणी केलेली नव्हती. आपल्याकडच्या पथकांच्या गाडीतील सिमकार्ड कोणत्या योजनेचे आहे, हे पावसाळ्यापूर्वी कोणीतरी तपासले पाहिजे.

ड्रोनचा खरेच उपयोग होतो का?

होतो, मात्र ठरावीक कामांसाठी. महापे येथील आयडियाफोर्ज ही आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये सुरू केलेली कंपनी. तिचे नेत्र हे ड्रोन २०१३ च्या उत्तराखंड प्रलयात अडकलेल्यांचा शोध घेण्यासाठी वापरले गेले. पायी पोहोचायला कित्येक तास लागतील अशा कड्यावर माणसे आहेत की नाहीत, हे वरून काही मिनिटांत कळते. रात्री उष्णता टिपणारा कॅमेरा झाडीतला जिवंत माणूस दाखवतो. मात्र मातीच्या ढिगाखाली गाडलेला माणूस त्याला दिसत नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत रस्ता नव्हता, मोठी यंत्रे वर नेता येत नव्हती, आणि पथके मुसळधार पावसात चिखलाची चढण चढून गेली. त्या चढणीवर नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याला हृदयविकाराचा झटका येऊन मृत्यू आला. ड्रोन, नकाशे, उपग्रहाची छायाचित्रे यांविषयी बोलताना मला नेहमी ती चढण आठवते. शेवटी कुदळ-फावडे घेऊन माणसेच वर गेली होती. दरडीचा धोका असलेल्या वस्त्यांवर पाऊस आणि जमिनीची हालचाल मोजणारी साधने आधीच बसवली, तर अशा अंधारात कोणाला चढावे लागणार नाही, आणि त्या कामात कंपन्यांनी पैसा व अभियंते दिले तर ते सार्थकी लागतील.

आणखी एक सूचना. विमानतळाजवळच्या भागात परवानगीवाचून ड्रोन उडवण्यास मनाई आहे. मदतीच्या भावनेने उडवलेला खासगी ड्रोन बचावाच्या हेलिकॉप्टरला धोकादायक ठरू शकतो.

रासायनिक कारखान्यातील दुर्घटनेत सॉफ्टवेअर काय करणार?

ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि डोंबिवलीत राहणाऱ्यांसाठी हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. २३ मे २०२४ च्या डोंबिवलीतील स्फोटाने दूरवरच्या इमारतींच्या काचा फोडल्या. अशा वेळी जवानाला दोन गोष्टी कळायला हव्यात : आत कोणते रसायन किती आहे, आणि वारा कुठे वाहतो आहे. अमेरिकेच्या पर्यावरण आणि सागरी-हवामान संस्थांनी बनवलेले अलोहा हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. गळती झालेले रसायन, वाऱ्याचा वेग व दिशा आणि तापमान भरले की विषारी वायू कुठवर पसरेल याचा नकाशा ते काढते. मात्र कारखान्याने साठ्याची नोंद खरी आणि ताजी ठेवलेली नसेल, तर त्या नकाशाला अर्थ राहत नाही. पाणी लागताच पेटणाऱ्या रसायनावर पाण्याचा फवारा मारला गेला तर त्याची किंमत जवानाला मोजावी लागते.

कंपनीची यंत्रणाच कोलमडली तर?

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणामुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि अमेरिकेतील काही राज्यांत ९११ या तेथील आपत्कालीन क्रमांकाची सेवा विस्कळीत झाली. त्यामुळे प्रत्येक नियंत्रण कक्षात कागदी नोंदवही, भिंतीवर लावलेला शहराचा छापील नकाशा आणि त्या दोहोंवर काम करण्याचा सराव असावाच लागतो. कंपनीशी करार करताना, यंत्रणा बंद पडल्यास माणूस किती मिनिटांत हजर होईल, हे कलम मी पहिल्यांदा वाचतो.

फोनवरून चुकून ११२ लागला तर?

भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये २०१७ पासून पॅनिक बटण बंधनकारक आहे. स्मार्टफोनमध्ये पॉवरचे बटण लागोपाठ तीनदा दाबल्यास आणि साध्या फोनमध्ये ५ किंवा ९ हा आकडा दाबून धरल्यास कॉल जातो. खिशात किंवा मुलांच्या हातून असे होऊ शकते. अशा वेळी फोन घाईने कापू नये. कापला तर संकटातील माणसाचा फोन तुटला असे समजून आपल्याला परत फोन येतो आणि कधी गाडीही निघते. "चुकून लागला, येथे सर्व ठीक आहे" एवढे सांगून मग ठेवावा. मोठ्या कंपन्यांकडूनही अशा चुका होतात. अपघात ओळखणारे आयफोन बाजारात आल्यावर अमेरिकेतील बर्फाच्या उतारांवर घसरगुंडी खेळणाऱ्यांच्या खिशांतून आपत्कालीन केंद्रांना नाहक कॉल जाऊ लागले होते.

माझे ठिकाण आणि आरोग्याची माहिती कंपनीकडे राहणार का?

वैद्यकीय आणीबाणी किंवा आपत्तीच्या वेळी संमतीशिवाय वैयक्तिक माहिती वापरण्यास २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने वाव ठेवला आहे, आणि ते योग्यच आहे, कारण बेशुद्ध माणसाकडे संमती मागता येत नाही. पण संकट टळल्यावर ती माहिती जाहिरातीसाठी वापरणे हा विश्वासघात ठरेल. सोसायटीसाठी एखादे अ‍ॅप घेताना माहिती किती दिवसांनी पुसली जाते, हे लेखी विचारावे.

आमची कंपनी ऐरोलीत आहे आणि आम्हाला मदत करायची आहे. सुरुवात कुठून करावी?

कृपया नवीन अ‍ॅप बनवू नये. प्रत्येक पुरानंतर उत्साहाने दोन-चार अ‍ॅप तयार होतात, पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्यांचा सर्व्हर बंद झालेला असतो, आणि ज्याने ते डाउनलोड करून ठेवले त्याला ऐनवेळी त्याचा उपयोग होत नाही. त्याऐवजी महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे किंवा अग्निशमन केंद्राकडे जाऊन त्यांच्या अडचणी ऐकाव्यात. त्या ऐकताना आश्चर्य वाटेल इतक्या लहान असतात : इमारतींच्या नकाशांची जुनी फाइल शोधता येत नाही, बिनतारी संचाच्या बॅटऱ्या लवकर उतरतात, तळघरात कुठलीच रेंज येत नाही. आपल्याकडे जनरेटर असलेले कार्यालय असेल तर वीज गेल्यावर परिसरातील स्वयंसेवकांना फोन चार्ज करू देण्याची लेखी तयारी दाखवावी. कर्मचाऱ्यांना आपदा मित्र या आपत्ती-स्वयंसेवकांच्या सरकारी योजनेतील प्रशिक्षणासाठी भरपगारी रजा द्यावी.

सोसायटीने या आठवड्यात काय करावे?

प्रवेशद्वाराजवळ रात्री दिसेल असा पूर्ण पत्ता लावावा, ज्यात शहर, उपनगर, सेक्टर, भूखंड क्रमांक आणि डिजिपिन असेल. तोच पत्ता पहारेकऱ्याच्या चौकीत आणि प्रत्येक लिफ्टमध्ये चिकटवावा, कारण घाबरलेला माणूस स्वतःच्या घराचा पत्ताही विसरतो. अग्निशमन गाडी वळेल एवढी जागा पार्किंगच्या गाड्यांनी अडलेली नाही ना, हे रात्री अकरा वाजता उतरून पाहावे, दिवसा नव्हे. जिन्यात आणि तळघरात मोबाइलची रेंज कुठे जाते त्याची खूण भिंतीवर करावी, म्हणजे आत शिरणाऱ्या जवानाला ती जागा आधीच कळेल. आणि फोन लावल्यावर एका माणसाने टॉर्च घेऊन रस्त्यावर, दुसऱ्याने फाटकाशी आणि तिसऱ्याने लिफ्ट धरून उभे राहावे. आमच्या इमारतीत या तिघांची नावे वाहनतळाच्या फळ्यावर खडूने लिहिलेली आहेत आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती बदलतात.